बोर्सोकला हाक कोण मारणार

२३ फेब्रुवारी

आज पिल्लू आलं. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे अतांचे, खालच्या खोऱ्यात एक मित्र आहेत. ते कोटाच्या आत घालून घेऊन आले. काळं कुळकुळीत, छातीवर पांढरा डाग, आणि पंजे केवढे! चहाच्या वाटीएवढे. कुत्रं विकत घ्यायचं नसतं, म्हणून अतांनी बदल्यात आपला चांगला चाबूक दिला. माझ्या सासूबाई, एने, आता आठवडाभर त्या चाबकावरून धुसफुसणार.

चहा संपायच्या आत अतांनी नावही ठेवलं. हिवाळ्यात मेलेल्या आमच्या जुन्या कुत्र्याचंच नाव. झालं! ते नाव मला घेता येत नाही. इथे लिहायलाही हात धजत नाही. नावाचा पहिला अर्धा भाग म्हणजे रानातला तो मेंढ्या फाडणारा, आणि माझ्या मोठ्या दिरांच्या नावाची सुरुवातही त्याच्यावरूनच. सुनेने मोठ्या दिराचं नाव घ्यायचं नाही, नावासारखा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. म्हणून लग्न झाल्यापासून मी त्या जनावराला ‘करडा’ म्हणते. जुन्या कुत्र्याशी माझा संबंध भांडं पुढे सरकवण्यापुरता होता, तेव्हा निभावलं. पण हे पिल्लू मला वाढवायचंय.

मलाच वाढवायचंय, कारण मीच तोंड उघडलं. जानेवारीत अता बर्फावर घसरले, मांडीचं हाड मोडलं. यंदा कळप घेऊन वरच्या कुरणात जाणं त्यांना जमणार नाही. मोठे दीर म्हणतात, तुमच्या मेंढ्या माझ्या कळपात मिसळतो. आमचे हे मॉस्कोहून म्हणतात, मिसळू दे, तू इकडे ये, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम आहे. म्हणजे कळप गेला की मी परक्यांची भांडी घासायला मॉस्कोला. मला नाही जायचं! चहा ओतता ओतता बोलून टाकलं, “कळप मी नेते. एने दूध काढायला बरोबर येतील.”

अतांनी वाटीतून मान वर केली नाही. “कुत्र्याशिवाय?” म्हणाले. “बाईच्या हाती कळप आणि कुत्रं नाही, म्हणजे करड्याला जेवायला बोलावणं.” (खरा शब्द त्यांचा, करडा माझा.) वाटी रिकामी केली. मग म्हणाले, “जूनमध्ये कळप निघेल त्या दिवशी मोठा येईल. पिल्लू तुझ्या हाकेला आलं आणि कोकरांना धक्का लावत नसलं तर कळप तुझ्याबरोबर. नाहीतर त्याच्याबरोबर.”

जूनमध्ये जेमतेम सहा महिन्यांचं होणारं पिल्लू करड्याशी काय लढणार, ते मलाही कळतं. पण शेजारच्या सायराची दोन जाडजूड कुत्री वर आमच्या शेजारीच असतात. त्यांच्या मागे मागे शिकेल. फक्त हाकेला यायला हवं. माझ्या हाकेला. आणि हाक कुठल्या नावाने मारायची, हे कुणी सांगत नाही.

२४ फेब्रुवारी

रात्रभर रडलं. मी कान झाकून पडले. कुत्र्याला घरात घ्यायचं नाही, आणि चुलीपाशी लाडावलेल्या कुत्र्याला मेंढ्या परक्या वाटतात. पहिल्या दिवसापासून मेंढ्यांतच निजलं पाहिजे. सकाळी गोठ्यात गेले तर महाराज म्हाताऱ्या मेंढीच्या पोटाला चिकटून गाढ झोपलेले. मेंढी माझ्याकडे असं बघत होती, जणू हे प्रकरण मीच तिच्या गळ्यात मारलं. तसं मारलंच आहे म्हणा.

२८ फेब्रुवारी

जुलाब. चूक माझी. दुपारचं उरलेलं सूप, चांगलं चरबीचं, खारट, अख्खं वाडगं ठेवलं समोर. त्याने पुसून काढलं आणि संध्याकाळपासून सुरू. जनावरांचे डॉक्टर मेदेर आले, टोचलं, जंताची गोळी घशात घातली आणि मला झापलं. “मीठ नाही, चरबी नाही, शिजलेलं हाड नाही. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. पातळ केलेलं दूध, भिजवलेली भाकरी, उकडलेलं मांस कुसकरून. आणि पाणी बदलत जा, बर्फ होतं त्याचं.” एने म्हणाल्या, “आम्ही सहा लेकरं वाढवली, एवढ्या सूचना कुणी दिल्या नव्हत्या.” डॉक्टर म्हणाले, “त्यांना दोन महिन्यांची असताना सूप पाजलं नसेल.”

६ मार्च

चावतं! सगळ्याला चावतं. बाही, बादलीची कडी, मेंढीची शेपटी, माझं मनगट. एने म्हणाल्या, नाकावर एक ठेवून दे. दिली. त्याला वाटलं खेळ सुरू झाला, दुप्पट जोराने आलं. मी ओरडले तरी त्याला गंमत. शेवटी हात टेकले आणि तशीच खांबासारखी उभी राहिले, हात काखेत, तोंड भिंतीकडे. त्याने दोन वेळा बाही ओढली, मग कंटाळून बसलं. बसल्यावर मी वळले. परत चावलं, परत भिंत. आज गोठ्यात माझं निम्मं काम भिंतीकडे बघण्यातच गेलं. पण संध्याकाळी दात हलके लागत होते. मी सोडणार नाही.

१३ मार्च

हे पिल्लू बहिरं आहे. नक्की बहिरं आहे. अता खिडकीतून नावाने हाक मारतात, मान वळत नाही. एने ‘ए काळतोंड्या’ म्हणतात, हलत नाही. मी ‘कू-चू, कू-चू’ करते. सगळं गाव आपापल्या कुत्र्याला तसंच बोलावतं, त्यामुळे सायराची दोन्ही कुत्री कुंपणावरून उडी मारून हजर होतात आणि आमचा गवताच्या काडीशी बोलत बसलेला असतो.

दुपारी मागे उभी राहून डेचकीचं झाकण वाजवलं. असा दचकला की पाण्याच्या टाकीत पडला. म्हणजे बहिरा नाही. मला त्याला पुसता पुसता हसू आलं आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, तीन माणसं तीन नावांनी बोलावताहेत! त्यातलं एक नाव अख्ख्या गावातल्या कुत्र्यांचं. तो काय करणार बिचारा.

१४ मार्च

एनेंना मस्का लावला. पाय दाबले, दोनदा चहा केला, मग म्हटलं, अतांना सांगा ना, दुसरं नाव ठेवा. का, ते सांगायची गरज नव्हती, त्यांनाही कळतं. त्या आत गेल्या आणि परत आल्या. “म्हणाले, नाव बदलायला तो काय सोव्हिएत काळातला रस्ता आहे?”

रागाने माझे कान तापले. नाव ठेवताना घरात सून आहे हे आठवलं नाही. आठवत नाहीच कुणाला. आणि जूनमध्ये सगळे विचारणार, का गं, हाकेला का येत नाही?

२१ मार्च

नवरोज. पाहुण्यांनी घर भरलं. मी जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर बोर्सोकांचा ढीग ओतला, कणकेचे तळलेले गरम गरम, बोटाएवढे तुकडे, आणि अंकुरलेल्या गव्हाच्या सुमोलोकच्या कढईकडे वळले तोवर गडबड झाली. दार उघडं होतं. हा आत! दस्तरखानावर मधोमध उभा, गाल दोन्ही बाजूंनी फुगलेले. एनेंनी किंकाळी फोडली, अतांनी काठी आपटली. मी मागे धावले. अंगणात त्याने मागे वळून बघितलं, तोंडातून एक बोर्सोक खाली पडला, त्याने तो परत उचलला.

“बोर्सोक-चोरा!” मी म्हटलं. मोठ्याने नाही, पाहुणे होते. पण त्याने कान टवकारले. परत म्हटलं, “बोर्सोक?” शेपूट हलली. पहिल्यांदा कुठल्यातरी शब्दाला हलली.

ठरलं. अतांनी आपलं नाव आपल्यापाशी ठेवावं. मी गोठ्यामागे, कुणाला न सांगता, या नावाने शिकवणार.

३ एप्रिल

शिकवणं म्हणजे काय ते मला शिकावं लागतंय. मेंढीचं फुफ्फुस उकडून चुलीवर वाळवलं, नखाएवढे तुकडे केले, पिशवी कमरेला. आधी तो माझ्याकडे येतच असताना नाव घ्यायचं, एकदाच, आणि आला की तुकडा. दहा वेळा नाव घेतलं की तो दहाव्यांदाच यायचं शिकतो, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

काल एक घोटाळा केला. त्याने अतांचा रबरी बूट चावून चिंधी केली. मी गोड आवाजात “बोर्सोक” म्हटलं, बिचारा शेपूट हलवत आला, आणि मी मानगूट धरून बूट नाकासमोर नाचवला. आज दिवसभर नाव घेतलं की लांब बसून विचार करतो. अगदी बरोबर आहे त्याचं. मला कुणी गोड बोलून बोलावलं आणि मग झापलं तर मीही पुढच्या वेळी नाही जाणार. आमचे हे फोनवर असंच बोलतात. “बुरुल, माझी गुणाची,” आणि मग पासपोर्टचं विचारतात.

यापुढे नाव फक्त चांगल्यासाठी. झापायचं असलं तर मी त्याच्याकडे चालत जाणार.

१२ एप्रिल

येतोय! गोठ्यामागे, लांब दोरी बांधून, तरी येतोय. नाव घेतलं की मान वळते, मग अंग वळतं, मग ते मोठे पंजे स्वतःलाच अडखळत धावतात. आज मी खाली बसून त्याच्या डोक्यावर डोकं टेकवलं. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्या बोलावण्याने माझ्याकडे आलं.

एक भीती आहे. अता हल्ली दुपारी काठी टेकत गोठ्यामागे जातात, पाय मोकळे करायला. कधीतरी माझं ऐकतील.

२० एप्रिल

फुफ्फुसाची पिशवी खुंटीवर असते. परवा भरली होती, आज निम्मी. एनेंना विचारलं. “उंदीर,” म्हणाल्या, आणि लोकर विंचरत राहिल्या. उंदरांना पिशवीची गाठ सोडून परत बांधता येते, हे मला नवीन होतं. सायराच्या कुत्र्यांची करामत असणार. पण त्यांना तरी गाठ कशी येईल? असो.

वर अता म्हणतात, “सूनबाई, तुझं कुत्रं लठ्ठ होतंय. जास्त चारू नकोस.” मी कुठे जास्त चारते! तरी संध्याकाळचा घास कमी केला. बोर्सोकने माझ्याकडे असं बघितलं की मला पाणी गिळवेना.

२७ एप्रिल

लिहायला जिवावर येतंय.

कुरणात पहिलं गवत आलं, कोकरं उधळली होती, मी दोरी सोडली. मला वाटलं, आता शहाणा झालाय. एका कोकराने उडी मारली, हा मागे लागला. खेळत होता, दात नव्हता लावत, मी शपथेवर सांगते. पण कोकरू घाबरलं, चरावरून उडालं आणि पुढचा पाय मोडला. त्याचा आवाज अजून कानात आहे. मेदेर डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, वाचेल म्हणाले.

अतांनी फक्त एवढंच म्हटलं, “मोठ्याला कळवावं लागेल.”

गोठ्यात जाऊन लोकरीच्या पोत्यात तोंड खुपसून रडले. बाहेर रडले असते तर आवाज गेला असता. सगळं माझ्या घाईमुळे. पिल्लाला काय कळतं, त्याच्यासाठी धावणारी गोष्ट म्हणजे खेळ. मला कळायला हवं होतं.

२८ एप्रिल

रडून झालं. आता परत पहिल्यापासून. दोरी, कोकरं, रोज. बघितलं तर चालेल, ताणलं की थांबायचं, नजर कोकरावरून माझ्याकडे वळली की तुकडा. आणि सगळ्यांत खडूस मेंढी, ती एकशिंगी, तिच्या वाड्यात रोज थोडा वेळ. आज तिने त्याला असं उडवलं की तो माझ्या पायांमागे येऊन बसला. बाई गं, तू उत्तम मास्तरीण आहेस.

५ मे

एनेंना विचारलं, अतांनी मोठ्या दिरांना फोन केला का. “फोनला चार्जिंग नाही म्हणतात,” एने म्हणाल्या. गेला आठवडाभर चार्जिंग नाही. आणि आता शेजारच्या खोलीतून त्याच फोनवरची तीनतारी कोमुझची धून ऐकू येतेय. अतांना फोन वापरता येत नाही हेच खरं. मी सांगायला जाणार नाही. कळायला उशीर झाला तर माझंच बरं.

आमच्या ह्यांचा फोन आला. पासपोर्टचे फोटो काढलेस का? मी म्हटलं, बोर्सोकचे दुधाचे दात पडले, खाली चार नवीन आलेत. मग म्हणाले, “बोर्सोक कोण?”

मला त्यांची आठवण यायला हवी तेवढी येत नाही. लिहून ठेवते, कुठे बोलणार.

१७ मे

आज सायरा चहाला आली आणि बोर्सोकला बोलावताना मला बघून हसत सुटली.

“तू हाक मारतेस की कानात गुपित सांगतेस?”

“घरात अता असतात,” मी म्हटलं. सासऱ्यासमोर सुनेने आवाज चढवायचा नाही. त्यांच्याकडे पाठ करून जायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, हे तिला का सांगायचं? तीही कुणाची तरी सून होतीच.

“वर वारा असतो, नदी असते. तिथे कानात सांगायला त्याचा कान कुठे मिळणार? चल.”

तिने मला नदीच्या वरच्या वळणावर नेलं. तिथे कुणी नसतं. म्हणाली, ओरड. माझ्या घशातून चिमणीएवढा आवाज निघाला. ती इतकी हसली की दगडावर बसली. मग तिने स्वतः दरीत हाक दिली, तिची दोन्ही कुत्री दोन टेकड्यांवरून आली. मग मी दिली. दुसऱ्यांदा दिली. तिसऱ्यांदा माझा मलाच ओळखू येईना असा आवाज आला. बोर्सोक घाबरून जमिनीला चिकटला. त्याने माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्याला वाटलं, ही बाई कोण.

जोरात हाक म्हणजेसुद्धा चांगलंच काहीतरी, हे आता शिकवायचं. रोज सकाळी इथे यायचं.

२९ मे

जोरात हाकेला येतो. नदीच्या पलीकडूनही. मेंढ्यांमध्ये दोरीशिवाय चालतो. कोकरं त्याच्या अंगावर चढतात, तो जांभई देतो. गेल्या पंधरवड्यात एकही पळापळी नाही. फळीवालं कोकरूही त्याच्याच कुशीत निजतं, त्याला काही वाटत नाही, मलाच वाटतं.

एकच गोष्ट उरली. हे सगळं नदीच्या वळणावर. अंगणात अता असले की माझा आवाज आपोआप बसतो. ठरवून नाही, बसतोच. आणि त्या दिवशी अताही असतील, मोठे दीरही, आणि त्यांची माणसंही. एनेंना म्हटलं, तुम्ही बोलून बघा ना त्यांच्याशी. एने म्हणाल्या, “मी काय बोलू? मी चाळीस वर्षं त्यांच्याशी हळूच बोलतेय.”

करणार. कसं ते माहीत नाही, पण करणार.

६ जून

आज. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी मोठे दीर ट्रक घेऊन आले, बरोबर त्यांचे दोन गडी. ट्रक कशाला ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी अंगणातच विचारलं, “कोकराचा पाय मोडला होता म्हणे?” म्हणजे कुणीतरी कळवलंच. अता म्हणाले, “कोकरू चालतंय.” बस्स, एवढंच.

रस्त्यावरून दुसऱ्यांचे कळप वर निघाले होते. धूळ, भुंकणं, घोडी. आमचं फाटक मीच उघडं टाकलं होतं की गड्यांपैकी कुणी, ठाऊक नाही. बघते तर आमची चार कोकरं त्या परक्या कळपात मिसळून लाकडी पुलावरून पार पलीकडे, आणि त्यांच्याबरोबर बोर्सोक. आपली कोकरं निघाली म्हणून तोही निघाला. पलीकडे त्या कळपाची तीन मोठी कुत्री त्याला हुंगत होती, अंगावरचे केस ताठ. नदी वितळलेल्या बर्फाने नुसती गर्जत होती.

“बोलाव,” मोठे दीर म्हणाले. मग स्वतःच पुढे झाले आणि अतांनी ठेवलेल्या नावाने, म्हणजे आपल्याच निम्म्या नावाने, दोनदा हाक मारली. बोर्सोकने मान वळवली नाही. ते हसले. “अता, हे कुत्रं आहे की पाहुणा? सोडा. कोकरं माझे गडी आणतील, आणि मग भरतो सगळी.”

मी कुंपणापाशी गेले. “बोर्सोक,” म्हटलं. माझंच मला ऐकू आलं नाही. परत म्हटलं. तेही तोंडातल्या तोंडात. एवढे दिवस, एवढं फुफ्फुस, नदीवरच्या एवढ्या सकाळी, आणि आता हा आवाज! पलीकडे एका मोठ्या कुत्र्याने दात दाखवले. डोळ्यांत पाणी आलं, राग आला, तरी आवाज येईना. मागे अता उभे, बाजूला दीर उभे.

काठीचा आवाज आला. अता कुंपणापर्यंत चालत आले. माझ्याकडे बघितलं नाही. डोंगराकडे तोंड केलं आणि माझ्याकडे सरळ पाठ.

“मोठ्या, तूही फिर,” म्हणाले.

“मी? कशाला?”

“तू तिचा मोठा दीर ना? मग फिर. आणि तुम्ही दोघंही.”

“अता, लोक बघताहेत.”

“बघू देत. पाठ आहे, चोरी नाही.”

मोठे दीर लाल झाले. मग फिरले. त्यांचे गडीही फिरले, टोप्या सारख्या करत. एने आधीच दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून मी या माणसांसमोरून उलटी चालत बाहेर जाते, पाठ दिसू नये म्हणून. आज अंगणात माझ्यासमोर पाठीच पाठी होत्या. चार पुरुषांच्या, आणि सगळ्यांत वाकलेली अतांची.

मी छाती भरून घेतली आणि हाक मारली. “बोर्सोऽऽऽक!” रस्त्यावरची घोडी थबकली. सायरा म्हणते तिच्या घरात चहा ओतता ओतता हात थांबला. एकदाच मारली, दुसरी नाही.

त्याने मान वळवली. मग अंग. त्या तीन कुत्र्यांमधून सरळ बाहेर पडला, पुलावर आला आणि मधोमध थांबून मागे बघितलं. परत फिरतोय की काय! पण तो कोकरांसाठी थांबला होता. ती त्याच्याबरोबर वाढलीत, तो चालला म्हणून तीही निघाली, एकामागून एक, चारही. पुलावर पाणी उडत होतं, तरी आली. बोर्सोक भिजून, चिखलाने माखून माझ्या पायावर येऊन धडकला. मी गुडघ्यावर बसले, पिशवीतलं सगळं त्याच्या तोंडात ओतलं आणि खुशाल रडले, मोठ्याने.

“आला?” अतांनी पाठ न फिरवता विचारलं.

“आला, अता.”

“कोकरं?”

“चारही.”

“मग आम्ही फिरायचं का?”

“फिरा, अता,” मी म्हटलं. असं कधी कुणाला म्हणेन, वाटलं नव्हतं.

मोठे दीर बराच वेळ पुलाकडे बघत होते. “बोर्सोक?” म्हणाले. “हे काय नाव झालं? वर लोक हसतील आपल्याला.”

“हसू देत,” अता म्हणाले. “उद्या पहाटे सूनबाई कळप घेऊन निघेल. तुझा ट्रक मोकळा जाऊ दे. जाताना डॉक्टर मेदेरकडून मीठ आणि लशी घेऊन ये, वर लागतील.”

दिरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोक्यावरचा रुमाल सारखा करून मान खाली घातली, सवयीने. पण ते सरळ ट्रकमध्ये बसले. संध्याकाळी मीठ आलं, लशी आल्या, आणि त्यांच्या बायकोने एनेंसाठी पाठवलेलं लोणीही आलं.

आमच्या ह्यांना एनेंनी फोन लावून दिला. मी सांगितलं, कळप मी नेतेय, शरदात उतरेन, मॉस्कोचं बघू नका. ते काहीतरी म्हणत होते, तेवढ्यात रेंज गेली. मी परत लावला नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली. ट्रक गेल्यावर बोर्सोक चिखलासकट अतांच्या स्वच्छ विजारीवर उडी घ्यायला निघाला. मी ओरडणारच होते. अतांनी खाली बघितलंही नाही, नुसतं बोट वर केलं आणि हळूच म्हणाले, “बोर्सोक, बस.”

बोर्सोक बसला. लगेच, शेपूट हलवत, त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बघत. हाकेला यायचं, कोकरांत राहायचं, चावायचं नाही, एवढंच मी त्याला शिकवलंय. बसायला मी कधी शिकवलं नाही.